नागपुरात प्रेशर वॉशिंग आणि सीलिंगचा धंदा: मशीन घ्यायच्या आधी हे वाचा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. नोकरी सुटली, हाताशी अडीच लाख आहेत, मानेवाड्याकडे राहता, आणि प्रेशर वॉशर घेऊन अंगण, पार्किंग, गट्टू (पेव्हर ब्लॉक) धुवायचं आणि वरून काँक्रीट सीलर मारून द्यायचं काम सुरू करायचं म्हणून राहिले. कोणतं मशीन घेऊ, फुटाला (म्हणजे चौरस फुटाला) काय रेट लावू आणि सीलिंगमध्ये खरंच पैसा आहे का, हे तीन विचारले. मी अकरा वर्षं नागपुरात हेच काम करतो, बेसा-मनीषनगरच्या सोसायट्यांपासून तर हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीच्या शेडपर्यंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिले सीलिंगचंच सांगतो, कारण नवीन माणूस तिथेच फसतो. धुण्यात चूक झाली तर परत धुता येते, एक दिवस वाया जातो बस. सीलर मारला की खाली जे आहे ते तसंच बंद होते, ओल असेल तर ओल, तेल असेल तर तेल, राहिलेलं केमिकल असेल तर ते पण. मग ते काढायला धुण्याच्या पाचपट मेहनत लागते आणि त्याचे पैसे कोणी देत नाही.

माझ्यासोबत झालेलं सांगतो. दुसरं वर्ष होतं, बेसा रोडच्या बाजूला एका सोसायटीचे गट्टू होते, साधारण दोन हजार फूट. सेक्रेटरी काकांना चमक पाहिजे होती, ओल्या दगडासारखी. मी सकाळी धुतलं, एप्रिलचं ऊन, एका तासात वरून खडखडीत वाळलं, म्हणून दुपारी दोन वाजता सॉल्व्हंटवालं अॅक्रेलिक सीलर रोलरने मारून मोकळा झालो. संध्याकाळी इतकं सुंदर दिसत होतं की लोक खाली येऊन फोटो काढत होते. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन, सगळीकडे दुधासारखे पांढरे डाग आणि जागोजागी बारीक फोड. झालं काय होतं की गट्टू वरून वाळले पण खालच्या चुरीत पाणी भरलेलं होतं, ते उन्हाने वाफ होऊन वर आलं आणि सीलरच्या थराखाली अडकलं. शिवाय तापलेल्या फरशीवर सॉल्व्हंट इतक्या लवकर उडालं की थर नीट बसलाच नाही. आम्ही सहा दिवस स्ट्रिपर, म्हणजे सीलर काढायचं केमिकल, लावून घासत बसलो, त्या कामात कमावलं ते गेलंच, वरून घरचे गेले. काका भले माणूस म्हणून त्यांनी पोलिसात-बिलिसात नेलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरची नाराजी मला आजही आठवते. तेव्हापासून एक नियम केला, उन्हाळा असो की हिवाळा, गट्टू धुतल्यावर कमीत कमी दोन पूर्ण दिवस थांबायचं, आणि थांबल्यावर पण तपासल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

तपासणं सोपं आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही बाजूंनी टेप लावून फरशीवर चिकटवा, दुसऱ्या दिवशी उचलून बघा. खालून थेंब जमले असतील किंवा काँक्रीट काळपट दिसत असेल तर आत ओल आहे, थांबा. ग्राहक कितीही घाई करो, पाहुणे येऊन राहिले, वास्तुपूजा आहे, काहीही सांगो, थांबा.

आता सीलर म्हणजे काय हे पण नीट समजून घ्या, कारण दुकानात सगळे डबे सारखेच दिसतात. एक आहे आत मुरणारा, सिलेन-सिलॉक्सेनवाला. तो काँक्रीटच्या छिद्रांमध्ये जाऊन पाण्याला आत शिरू देत नाही पण वाफेला बाहेर येऊ देतो, वरून काहीच दिसत नाही, चमक नाही, थर नाही. गट्टू, पोर्च, उघडं अंगण यासाठी नागपुरात मी ९० टक्के वेळा हाच वापरतो. दुसरा अॅक्रेलिक, तो वर थर बनवतो, रंग उठवतो, चमक देतो, पण ओलीशी त्याचं जमत नाही, दोन-तीन वर्षांनी परत मारावा लागतो आणि ओला झाला की घसरतो. रॅम्पवर आणि जिथे म्हातारी माणसं सकाळी चालतात तिथे मी चमकवाला मारतच नाही, ग्राहक नाराज झाला तरी चालेल, आणि मारावाच लागला तर त्यात अँटिस्लिप पावडर मिसळतो. तिसरं डेन्सिफायर, सोडियम किंवा लिथियम सिलिकेट, हे पाणी अडवायला नाही तर फरशी टणक करायला, ते सिमेंटमधल्या चुन्यासोबत रिअॅक्शन करून छिद्रं भरते. एमआयडीसीतल्या आणि वाडीकडच्या गोडाऊनमध्ये ट्रायमिक्सची, म्हणजे काँक्रीट ओतून गुळगुळीत केलेली, फरशी धूळ सोडते ना, रोज झाडलं तरी मालाच्या खोक्यांवर पांढरी पावडर बसते, तिथे हे काम करते. इपॉक्सी आणि पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग हा वेगळाच धंदा आहे, ग्राइंडिंग मशीन लागते, त्यात लगेच जाऊ नका, आणि इपॉक्सी उघड्यावर तर मारूच नका, उन्हाने पिवळी पडते.

आणि एक गोष्ट प्रत्येक ग्राहकाला पहिल्या भेटीतच सांगायची, सीलर म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही. आपल्याकडे खूप वस्त्यांमध्ये रस्ता सिमेंटचा झाला, उंच झाला, घराचं अंगण खाली राहिलं, पावसाळ्यात पाणी गेटमधून आत येते. ते लोक फोन करतात की भाऊ सीलर मारून द्या. मी हात जोडून नाही म्हणतो. तिथे उतार, नाली, उंबरा याचं काम आहे, ते गवंड्याचं. खालून येणारी ओल पण सीलरने थांबत नाही, उलट भिंतीकडे सरकते. असे दहा-बारा हजार घेऊन काम केलं की जुलैमध्ये तुमचं नाव पूर्ण कॉलनीत खराब होते.

बघायला गेलात की फरशी काय आहे ते पहिले ओळखा. आपल्याकडे पोर्चमध्ये कोटा आणि शहाबादी खूप असते, हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, अॅसिड टाकलं की फेस येतो आणि पॉलिश जाते, परत येत नाही. मोलकरणीने संडास साफ करायचं अॅसिड ओतून खराब केलेल्या फरशा मी शेकड्यांनी पाहिल्या. काँक्रीटवर पण अॅसिड म्हणजे सिमेंटच खाऊन टाकणं आहे, म्हणून मी ते फक्त पांढऱ्या क्षारासाठी, पातळ करून, पहिले फरशी ओली करून वापरतो, आणि जमलं तर सल्फॅमिक वापरतो जे जरा सौम्य आहे. महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या काळ्या दगडाला प्रेशर चालते पण त्याच्या सांध्यातला चुना निघून येतो, तिथे हाताने ब्रशच बरा. उत्तरेकडे कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला वीज केंद्रांची बारीक राख बसते, ती ओली झाली की लेपासारखी चिकटते, म्हणून तिकडे पाणी मारायच्या आधी कोरडं झाडून काढायचं.

खिशात एक खिळा आणि पाण्याची छोटी बाटली ठेवा. खिळ्याने ओरखडा काढा, भुकटी निघाली तर वरचा थर कच्चा आहे, जोरात जेट मारला तर खड्डे पडतील. बाटलीतून चार थेंब टाका. मिनिटभरात शोषले तर मुरणारा सीलर आत जाईल, थेंब तसेच उभे राहिले तर आधीच कोणीतरी काहीतरी मारलं आहे किंवा तेल मुरलं आहे, दोन्हीमध्ये नवीन सीलर आत जाणार नाही. नवीन काँक्रीट असेल तर ओतून किती दिवस झाले विचारा, २८ दिवस व्हायच्या आत सीलर नको.

डागांबद्दल थोडं. हिरवं-काळं शेवाळ हे प्रेशरचं काम नाही, हायपोचं आहे. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बाजारात १०-१२ टक्क्यांचं कॅनमध्ये मिळते, ते पातळ करून दोन-तीन टक्क्यांवर आणायचं, फवारायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, सुकू द्यायचं नाही, मग कमी प्रेशरनेच निघून जाते आणि लवकर परत पण येत नाही. नुसत्या जेटने काढलं तर मुळं तिथेच राहतात आणि पंधरा दिवसांत परत हिरवं. फवारायच्या आधी कुंड्या, तुळस, लॉन भरपूर साध्या पाण्याने भिजवा. हायपो उन्हात कमजोर होते, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये कॅन साठवून ठेवली तर महिनाभरात अर्धी ताकद जाते, लागेल तेवढीच आणा. आणि हायपो अन् अॅसिड कधी, कधीच, एका फरशीवर एका दिवशी नाही. क्लोरीन गॅस निघते, बंद पार्किंगमध्ये माणूस तिथेच पडू शकतो. पोट्ट्यांना (पोरांना) कामावर घेतल्यावर पहिल्या दिवशी हेच शिकवायचं, बाकी सगळं नंतर.

खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खातात ते, त्याचे थुंकलेले डाग. हे नागपुरात वेगळं सांगावं लागते. जिन्याचे कोपरे, लिफ्टच्या बाजूची जागा, दुकानांसमोरच्या पायऱ्या. सुपारीचा रंग आणि चुना मिळून काँक्रीटमध्ये खोल मुरतो. ताजा असेल तर हायपोने बराच उतरतो, चार वर्षांचा असेल तर फिकट होतो पण पूर्ण जात नाही, आणि हे काम घ्यायच्या आधीच सांगायचं. पण इथेच सीलिंगचं सगळ्यात चांगलं काम आहे, एकदा साफ करून सीलर मारला की पुढचा डाग वरच राहतो, झाडूवाली बाई ओल्या फडक्याने पुसून टाकते. दुकानांच्या संकुलांमध्ये हे दाखवायचं, एक पायरी फुकट करून द्या, आठ दिवसांनी स्वतः जाऊन पुसून दाखवा. तेलाच्या डागाला गरम पाणी आणि अल्कलीवालं डिग्रीजर, मुरलेलं असेल तर खडू पावडरमध्ये डिग्रीजर कालवून लेप लावा, प्लास्टिकने झाका, दुसऱ्या दिवशी खरवडा, दोन-तीनदा करावं लागते. गंजाच्या डागाला ऑक्झॅलिक अॅसिड.

आता मशीन. ऑनलाइन जे दाखवतात ना, घरच्या प्लगवर चालणारं ३ एचपीचं, २०० बार प्रेशर आणि मिनिटाला १५ लिटर पाणी, ते होऊच शकत नाही. हिशोब सोपा आहे, बार गुणिले मिनिटाचे लिटर भागिले ६००, उत्तर येते किलोवॉटमध्ये. २०० गुणिले १५ म्हणजे तीन हजार, भागिले ६०० म्हणजे ५ किलोवॉट, हे फक्त पाण्याला लागले, मोटर-पंपाचा लॉस धरला तर साडेसात एचपीच्या आसपास मोटर पाहिजे, म्हणजे थ्री फेज. ३ एचपी सिंगल फेजवर खरे मिळतात ते ११० बार आणि १० लिटर, आणि घरच्या अंगणाला ते पुरतात पण. दुकानदाराला हा गुणाकार करून दाखवा, खरा माणूस असेल तर लगेच कबूल करतो.

नवीन लोक बारच्या मागे धावतात, मी म्हणतो लिटर बघा. प्रेशर मळ सोडवते, पण वाहून नेते ते पाणी. दीडशे बारच्या वर गट्टू आणि जुन्या काँक्रीटला लागतच नाही, उलट वरचा सिमेंटचा थर उडून खडी उघडी पडते, आणि ते पट्टे दिसतात आयुष्यभर. सुरुवातीला १५० बार, १३ लिटरच्या आसपासचं मशीन घ्या. सोसायटीत थ्री फेज पॉइंट पार्किंगमध्ये मिळेलच असं नाही, म्हणून पेट्रोल इंजिनवालं घेतलं तर कुठेही उभं करता येते, फक्त इंजिनचे एचपी इलेक्ट्रिकच्या दीडपट-दुप्पट धरा आणि बेसमेंटमध्ये ते चालवू नका, धूर जीव घेतो. सोबत गोल फिरणारा सर्फेस क्लीनर घ्याच, त्याच्याशिवाय मोठं काम म्हणजे झेब्रा होते. नोझल २५ आणि ४० अंशाची, शून्यवाली लाल नोझल पेटीतच राहू द्या. पंपावर कंजूषी करू नका, सिरॅमिक प्लंजरवाला तीन पिस्टनचा पंप, ज्याचे सील आणि व्हॉल्व्ह नागपुरात मिळतात तो. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आणि बारीक रेती दोन्ही येतात, इनलेटला चांगलं फिल्टर लावलं नाही तर सहा महिन्यांत सील गेले म्हणून समजा. गन सोडून पोट्टे गप्पा मारत उभे राहिले की पंपातलं पाणी आतल्या आत फिरून तापते, आपल्या उन्हाळ्यात तर अजून लवकर, दोन मिनिटांच्या वर थांबायचं असेल तर मशीन बंद.

पाणी स्वतःचं ठेवा. १३ लिटरचं मशीन तासाला ७८० लिटर पिते. छोटा हत्ती भाड्याने, त्यावर हजार लिटरची टाकी, बोअरचं पाणी. एप्रिल-मे मध्ये लोकांच्या नळाला पाणी कमी असते आणि तुम्ही त्यांच्या पिण्याच्या टाकीतून अंगण धुताना दिसले तर बाजूच्या घरची काकू भांडायला येते, आणि तिचं बरोबर असते.

सुरक्षेचं दोनच सांगतो पण मनापासून. इलेक्ट्रिक मशीन ३० मिलिअँपच्या आरसीसीबीशिवाय, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणाऱ्या स्विचशिवाय, लावायचं नाही, स्वतःचा बोर्ड बनवून सोबत न्या, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पोट्टे वायरी जोडतात ते बघवत नाही. आणि जेट कोणाच्या हाताला-पायाला लागला तर वरून छोटंसं टोचल्यासारखं दिसते पण आत पाणी आणि घाण शिरलेली असते, हळद लावून घरी पाठवू नका, सरळ सर्जनकडे न्या, काही तासांत बोट जाऊ शकते.

रेट. फुटाचा रेट दुसऱ्याला विचारून लावू नका, स्वतःचा काढा. समजा १५०० फूट गट्टू आहेत, धुवायचं, सांध्यात रेती भरायची, मुरणारा सीलर दोन हात. पहिल्या हाताला लिटरमागे ५० फूट धरा, म्हणजे ३० लिटर, दुसऱ्याला २५, एकूण ५५ लिटर. समजा सीलर ३०० रुपये लिटर पडला तर १६,५०० रुपये. दोन माणसं तीन दिवस, ७०० रोजीने ४,२००. केमिकल हजार, रेती हजार, गाडी-पेट्रोल दीड हजार, मशीनची झीज दीड हजार. झाले २५,७००, फुटाला १७ रुपये फक्त खर्च. यावर ३० टक्के टाकले तर २२ च्या वर जाते, आणि ते ३० टक्के सगळे नफा नाही, त्यात एखादं काम परत करावं लागण्याची तरतूद आहे. पंधरा रुपयांत करून देतो म्हणणारा माणूस भेटेल, तो एक हात मारतो आणि सीलरमध्ये पाणी टाकतो. त्याच्याशी स्पर्धा करू नका, ते काम जाऊ द्या. लिटरला किती फूट होतील हे डब्यावर वाचून नाही तर त्याच फरशीवर दहा बाय दहाचा तुकडा करून मोजा, जुने गट्टू दीडपट पितात. आणि ती रेती विसरू नका, जेटने सांध्यातली रेती उडतेच, न भरता सील केलं तर पावसाळ्यानंतर गट्टू हलायला लागतात.

अॅडव्हान्स ५० टक्के, सीलरचा माल त्यातूनच आला पाहिजे. कामाच्या आधी सगळ्या फरशीचे फोटो, तडे आणि फुटलेले गट्टू दाखवून व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, आजच करा. कंपन्यांचं काम घेतलं तर टीडीएस कापतात, तुमच्यावर बसणाऱ्या टॅक्सपेक्षा जास्त कापला असेल तर तेवढा रिटर्न भरून परत मिळतो, आणि उद्यम असेल तर लेखी करारात जास्तीत जास्त ४५ दिवसांत पेमेंट, करार नसेल तर १५, हा कायदा आहे, बिलावर उद्यम नंबर छापा म्हणजे अकाउंटवाल्याला आठवण राहते. जीएसटी सेवेसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत बंधनकारक नाही, पण एमआयडीसीवाले बिनाजीएसटीच्या माणसाला बरेचदा उभंच करत नाहीत. कारखान्यातलं तेलकट पाणी बाहेरच्या नालीत सोडू नका, ते शेवटी नदीतच जाते, त्यांच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) सोडायचं आधीच ठरवून घ्या.

आता वर्ष कसं जाते ते सांगतो. सीलिंगचं खरं सीझन ऑक्टोबर ते फेब्रुवारी, त्यातही डिसेंबर-जानेवारीत रात्री दव पडते म्हणून दुपारी चारच्या आत हात संपवायचा. मार्चपासून उलटं, सकाळी मारायचं नाही, कारण ऊन चढत जाते तशी काँक्रीटमधली हवा फुगून फोड येतात, सूर्य उतरल्यावर फरशी निवायला लागली की मारायचं. ४५ अंशात पोट्ट्यांना दुपारी कामावर ठेवायचंच नाही, सकाळी साडेपाच ते दहा धुवायचं आणि संध्याकाळी. पावसाळ्यात शेवाळ धुवायचं भरपूर काम आणि गोडाऊनमध्ये आतलं डेन्सिफायर. बाहेर सीलर बंद.

तुमचे अडीच लाख सगळे एकदम लावू नका. मशीन, सर्फेस क्लीनर, पाइप, टाकी, बोर्ड, बूट-चष्मे मिळून दीडच्या आत बसवा, गाडी भाड्याने, बाकी एक लाख हातात, कारण पहिले सहा महिने पेमेंट उशिराच येतात. आणि सुरुवात घरून करा. स्वतःचं अंगण किंवा मोठ्या भावाचं पोर्च धुवा, दोन दिवस वाळू द्या, अर्ध्यावर सीलर मारा, अर्धं तसंच ठेवा, मधली रेघ सरळ येऊ द्या. पूर्ण पावसाळा जाऊ द्या. सप्टेंबरमध्ये एक बाजू हिरवी आणि एक बाजू साफ दिसेल, त्याच्यावर बादलीभर पाणी टाकून व्हिडिओ काढा आणि दिवाळीच्या महिनाभर आधी तो घेऊन सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांकडे फिरायला लागा.